तूं खंयच्या पक्षाची?

एप्रिलमधल्या एका रविवारी फोंडा तालुक्यातल्या एका गावची ग्रामसभा होती. गावामागच्या डोंगराला यंत्रे लागली होती, तांबडी माती रस्त्यापर्यंत घसरली होती, त्यामुळे सभागृह भरले होते. सभा संपली आणि व्हरांड्यात एका तरुण पत्रकार मुलीने सरपंचांना विचारले, नगरनियोजन कायद्याच्या १७अ कलमाखाली या डोंगरकापणीला परवानगी मिळाली आहे का? मिळाली असेल तर तिची प्रत पंचायतीत आहे का? प्रश्न साधा होता. हो किंवा नाही, एवढ्यात आटोपला असता. पण सरपंचांनी तोंड उघडायच्या आत मागून कुणीतरी ओरडले, "तूं आदीं सांग गो, तूं खंयच्या पक्षाची?"

लोक हसले. ही मुलगी मोलेचे जंगल वाचवण्याच्या आंदोलनात होती, हे गावाला ठाऊक होते. तिने फोन पिशवीत टाकला आणि ती पायऱ्या उतरून निघून गेली. परवानगीचा विषय तिथेच पडला.

तिच्या त्या गप्प होण्याने मी अस्वस्थ झालो, म्हणून हे लिहितो आहे. पत्रकाराला पक्ष विचारू नये, असे मला म्हणायचे नाही. जरूर विचारावा. पण तो प्रश्न दुसऱ्या प्रश्नाचे तोंड बंद करण्यासाठी विचारला जातो, तेव्हा तो उलटून विचारणाऱ्याकडे पाठवता आला पाहिजे. आणि तो झेलताना पत्रकाराने खाली मान घालायचे काही कारण नाही. गोव्यात ज्या पत्रकारांच्या नावाने आज संस्था आहेत, ज्यांच्या पुण्यतिथीला पुढारी हार घालतात, त्यांपैकी तटस्थ कोण होता?

मोलेचेच घ्या. अभयारण्यातून जाणारा रेल्वेचा दुसरा रूळ, महामार्गाचे रुंदीकरण आणि उच्चदाबाची वीजवाहिनी, अशा तीन प्रकल्पांविरुद्ध ती चळवळ होती. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदरला लोक मोठ्या संख्येने जमले आणि पहाटेपर्यंत रुळांवरून हटले नाहीत. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द केली. म्हणजे जी मुले तेव्हा 'विकासविरोधी' ठरवली गेली, त्यांच्या म्हणण्यात न्यायालयाला तथ्य दिसले. आणि ज्या चांदरात ते लोक रात्रभर बसले होते, त्याच गावात लुईस मिनेझिस ब्रागांझांचा जन्म झाला.

मिनेझिस ब्रागांझा हे आपल्याकडचे पहिले मोठे पुरोगामी पत्रकार. १९०० साली 'ओ हेराल्दो' हे दैनिक सुरू झाले, त्याच्या उभारणीत ते होते. १९११ मध्ये 'ओ देबात' काढले, १९२८ मध्ये 'प्रकाश'. ते उघड प्रजासत्ताकवादी होते. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली, धर्मसत्ता आणि राज्यसत्ता वेगळ्या झाल्या, आणि गोव्यातल्या हिंदूंना कायद्याने बरोबरीचे स्थान मिळाले. केपेंच्या गोविंद पुंडलिक हेगडे देसाईंचा 'भारत' त्याच मोकळ्या हवेत निघाला. त्या प्रजासत्ताकाचे स्वागत मिनेझिस ब्रागांझांनी केले, पण त्याच लिस्बनने पुढे वसाहतींना कायमचे खाली ठेवणारा कायदा आणला, तेव्हा जुलै १९३० मध्ये पणजीच्या विधिमंडळात उभे राहून त्यांनी गोमंतकीयांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला. हा माणूस पत्रकार की पुढारी? दोन्ही. एका हाताने अग्रलेख लिहायचा आणि दुसऱ्या हाताने ठराव. मुक्तीनंतर पणजीतली वास्को द गामाच्या नावाची जुनी संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. त्या इमारतीत मी कितीतरी साहित्यसंमेलने ऐकली आहेत. पण तिथे भाषण करणाऱ्याला कधी कुणी विचारलेले मला आठवत नाही, की मिनेझिस ब्रागांझांची लेखणी निःपक्ष होती का.

त्यांचे मेहुणे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा तर त्याहून पुढचे. पॅरिसला शिकून आले, डाव्या विचारांचे होते आणि ते लपवत नव्हते. १९२८ मध्ये त्यांनी गोवा काँग्रेस समिती स्थापन केली. १९४४ मध्ये त्यांनी गोमंतकीयांच्या अराष्ट्रीयीकरणावर पुस्तिका लिहिली, आणि तिचा रोख पोर्तुगीजांइतकाच स्वतःच्या समाजातल्या, स्वतःच्या वर्गातल्या सुशिक्षितांवर होता. मला कुन्हा मोठे वाटतात ते याच जागी. मुक्तीच्या चळवळीत उतरल्याबद्दल १९४६ मध्ये लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात पाठवले. पण जेवणाच्या मेजावर आपल्याच नातेवाइकांना दुखवणारे लिहिणे ही वेगळी हिंमत आहे. पुढे पोर्तुगालमधून निसटून पॅरिसमार्गे ते मुंबईला आले आणि १९५३ पासून 'फ्री गोवा' चालवू लागले. शेवटपर्यंत ते एकाच वेळी कार्यकर्ते आणि संपादक राहिले.

ज्या राज्यात लग्नाची आमंत्रणपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरकडे न्यावी लागत होती, तिथे तटस्थ पत्रकार म्हणजे नेमके कोण, हे एकदा नीट विचारात घ्यायला हवे. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ ते १९६१ अशी सहा वर्षे सीमेपलीकडच्या जंगलातून मुक्तीचे गुप्त रेडिओ केंद्र चालवले. त्यांनी पोर्तुगीज गव्हर्नरची बाजूही ऐकवायला हवी होती, असे कुणी म्हणेल का?

मुक्तीनंतरची गोष्ट मात्र इतकी सोपी नाही. परका शत्रू गेला आणि आपल्याआपल्यात बाजू पडल्या. इथे मला माझ्या घराकडे यावे लागते.

माझे आजोबा कूळ होते. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत पावसाळ्यातली सरद आणि पावसाळ्यानंतरची वायंगण दोन्ही पिके घ्यायची आणि खंड भरून उरेल ते घरी आणायचे, असे त्यांचे आयुष्य. वडील मराठी शाळेत शिकून प्राथमिक शिक्षक झाले. घरात आम्ही बोलायचो कोकणी, वाचायचो मराठी. गोव्यातल्या कितीतरी घरांत असेच होते आणि अजूनही आहे, बाहेरच्यांना ते पटकन उमजत नाही. २४ मार्च १९६२ ला 'गोमन्तक' सुरू झाला, तेव्हापासून तो आमच्याकडे येई. बा. द. सातोस्कर संपादक होते. 'गोमन्तक' विलीनीकरणवादी होता आणि वडीलही. महाराष्ट्रात गेलो तर कुळकायदा येईल, मराठी टिकेल, भाटकाराच्या अंगणात उभे राहण्याची वेळ संपेल, एवढे साधे त्यांचे गणित होते.

मामा मडगावला नोकरीला होते. ते 'राष्ट्रमत' आणायचे. चंद्रकांत केणींचे 'राष्ट्रमत' मराठीत निघायचे आणि विलीनीकरणाच्या विरोधात लढायचे. त्यात उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' नावाचे सदर लिहीत. वडील त्या अंकाला हात लावत नसत. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो, पण मामांचे एक वाक्य मला स्वच्छ आठवते, "भावोजी, पेपर मराठींतलोच, वाचात तरी." वडील काही बोलले नाहीत. मामा गेल्यावर त्यांनी अंक उचलला आणि कंदिलाजवळ बसून शेवटपर्यंत वाचला.

१६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. विलीनीकरणाचे चिन्ह फूल, संघप्रदेशाचे दोन पाने. वडिलांनी फुलावर शिक्का मारला, मामांनी दोन पानांवर. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. चौतीस हजारांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला. वडील दोन दिवस जेवताना बोलत नव्हते. पुढच्या महिन्यापासून घरी दोन्ही वर्तमानपत्रे येऊ लागली. एका प्राथमिक शिक्षकाच्या पगारात दोन वर्तमानपत्रे म्हणजे काय, हे त्या काळातल्यांना सांगायला नको.

त्या काळातली एक गोष्ट मला आज फार मोलाची वाटते. 'गोमन्तक' कुठल्या बाजूचा आहे, 'राष्ट्रमत' कुठल्या बाजूचे आहे, हे गोव्यातल्या पोराटोरालाही ठाऊक होते. कुणी लपवले नव्हते. वाचकाला एका बाजूचे वाचून दुसऱ्या बाजूचे ताडून पाहता येत होते. वडिलांनी तेच केले. भाषा एक होती, राजकारण दोन होते, आणि दोन्ही उघड्यावर होते.

आणि पुरोगामी कोण होता त्यात? हा प्रश्न मी आयुष्यभर घोळवला आहे. कुळाच्या बाजूने पाहिले तर विलीनीकरणवादी पुरोगामी होते. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या मागे उभा राहिलेला बहुजन समाज जमिनीसाठी उभा राहिला होता, आणि १९६४ चा कुळकायदा, पुढे भाटकाराच्या जमिनीवर घर असलेल्यांना संरक्षण देणारा १९७५ चा मुंडकार कायदा, १९७६ ची कुळाला मालक करणारी दुरुस्ती, हे सगळे त्याच प्रवाहातून आले. भाषेच्या आणि छोट्या प्रदेशाच्या स्वायत्ततेच्या बाजूने पाहिले तर 'राष्ट्रमत'वाले पुरोगामी होते, आणि ३० मे १९८७ ला गोवा घटकराज्य झाला तेव्हा इतिहासाने त्यांच्या बाजूने कौल दिला. माझा कौल विचाराल तर १९६७ मध्ये दोन पाने बरोबर होती. हे लिहिताना वडिलांची आठवण येते आणि जड जाते, पण आज कसिनोंपासून डोंगरापर्यंत जे काही वाचवण्यासाठी आपण भांडतो आहोत, ते भांडण्याचे पर्वरीतले विधानसभागृह त्या मतांमुळे आपल्याकडे आहे. मात्र त्या निकालाने विलीनीकरणवादी पत्रकार प्रतिगामी ठरत नाही. कुळाची भूक त्याने मांडली नसती तर ती कुणी मांडली असती? म्हणून एखाद्याला 'पुरोगामी पत्रकार' म्हटले, की त्याचा संपूर्ण परिचय झाला असे मी मानत नाही. कशाच्या बाबतीत पुरोगामी, हे विचारावे लागते. जमिनीच्या? जातीच्या? भाषेच्या? निसर्गाच्या? चारही ठिकाणी सरळ उभे राहिलेले पत्रकार मी फार थोडे पाहिले.

आता माझी स्वतःची एक गोष्ट. शिक्षकी पेशात असताना काही वर्षे मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. एका पावसाळ्यात डिचोली तालुक्यातल्या एका खाणीच्या टाकाऊ मातीचा डोंगर खचला आणि लाल चिखल शेतात उतरला. पेरलेली सरदीची शेते गुडघाभर चिखलाखाली गेली. मी बातमी पाठवली. कुठली खाण, किती शेतकरी, मामलेदार आले की नाही, सगळे लिहिले. दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली ती चार ओळींची: 'जोरदार पावसामुळे शेतीचे नुकसान'. खाण गेली, माती गेली, पाऊस तेवढा राहिला. मी फोन केला तेव्हा मला समजुतीच्या सुरात सांगण्यात आले, मास्तर, तुम्ही जरा एका बाजूने लिहिता.

ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. मी एका बाजूने लिहीत होतो, हे खरे होते. शेतकऱ्याच्या बाजूने. पण ज्याने खाण काढून टाकली आणि पाऊस ठेवला, तो कुठल्या बाजूचा होता? त्याला कुणी बाजू असल्याचे म्हणत नाही. गोव्याच्या वृत्तपत्रांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे सांगायची गरज नाही, की मुक्तीनंतरची आपली अनेक मोठी दैनिके खाणमालक उद्योगघराण्यांनी सुरू केली. 'गोमन्तक' चौगुल्यांचा, 'नवहिंद टाइम्स' आणि 'नवप्रभा' धेंप्यांचे. ही नावे आरोप म्हणून मी घेत नाही. त्या घराण्यांनी पैसा ओतला नसता तर गोव्यात मराठी पत्रकारिता इतक्या लवकर उभी राहिली नसती, आणि माझ्यासारख्या हजारोंना वाचायची सवय त्याच पानांनी लावली. पण २०१२ च्या सप्टेंबरमध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर खाणी बंद झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, तेव्हा 'खाणी कधी सुरू होणार' हा प्रश्न आपण रोज वाचला, आणि 'शेतातला चिखल कोण काढणार' हा प्रश्न क्वचित. कुठल्या प्रश्नाला पहिले पान मिळते, त्यात बाजू असते. ती बाजू मात्र कुणी ग्रामसभेत उभे राहून विचारत नाही.

चळवळीतून आलेल्या पत्रकाराची बाजू सगळ्यांना दिसते, म्हणून तो सोपा निशाणा ठरतो. १९७८-७९ मध्ये विद्यार्थ्यांना बसचे अर्धे तिकीट मिळावे म्हणून गोव्यात मोठे आंदोलन झाले. त्या पिढीतली काही मुले पुढे पत्रकार झाली, काही वकील, काही कामगार संघटनांमध्ये गेली. मोर्च्यात लाठी खाल्लेला मुलगा पुढे पोलीस खात्यावर लिहितो तेव्हा त्याला एक गोष्ट ठाऊक असते, जी लाठी न खाल्लेल्याला नसते. त्याचे लिखाण तपासून घ्यावे, जरूर. पण त्याचा अनुभव हा त्याचा दोष कसा होईल?

मला खरी अडचण वाटते ती पुढच्या टप्प्यावर. पत्रकार निवडणुकीला उभा राहतो तेव्हा. उदय भेंब्रे १९८४ मध्ये मडगावातून अपक्ष आमदार झाले, आणि जुलै १९८५ मध्ये त्यांनी कोकणी राजभाषेचे खाजगी विधेयक मांडले. ते फेटाळले गेले आणि त्यातून पुढचे सगळे भाषा आंदोलन पेटले. सदर लिहिणारा माणूस विधेयक मांडणारा झाला. त्या आंदोलनात मी दुसऱ्या बाजूला होतो, मराठीच्या, आणि तेव्हा मला त्यांचा राग होता. पण २०११ मध्ये प्राथमिक शिक्षणाच्या माध्यमाचा वाद निघाला आणि भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या व्यासपीठावर शशिकला काकोडकर, सुभाष वेलिंगकर आणि उदय भेंब्रे एकत्र बसलेले दिसले. मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष), संघ आणि कोकणी चळवळ, तिन्ही एका चटईवर. ज्याला माणसाची ओळख फक्त पक्षाच्या चिठ्ठीवरून पटते, त्याने ते चित्र कसे वाचावे?

माथानी साल्ढाणांचे उदाहरण याहून अवघड आहे. ते पत्रकार नव्हते, शिक्षक होते, पण चळवळीच्या माणसाने पक्षात जावे का, याचा विचार त्यांच्याशिवाय होत नाही. सत्तरच्या दशकात यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन मासळी ओरबाडू लागले तेव्हा रापणकारांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या पारंपरिक मच्छिमारांना, त्यांनी संघटित केले. किनाऱ्यालगतचा समुद्र रापणीसाठी राखून ठेवा, ही मागणी लावून धरली, आणि १९८० मध्ये गोव्यात सागरी मासेमारी नियमनाचा कायदा आला. केरीच्या नायलॉन प्रकल्पाविरुद्धही ते उभे होते. नंतर ते प्रादेशिक पक्षातून आमदार झाले, आणि मार्च २०१२ मध्ये भारतीय जनता पक्षाच्या उमेदवारीवर कुठ्ठाळीतून निवडून येऊन मंत्री झाले. शपथविधीनंतर दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा त्यांचे निधन झाले. डाव्या मित्रांनी त्यांना सोडले असे म्हणणारे होते, त्यांनी डाव्यांना सोडले असे म्हणणारेही होते. मी एवढेच पाहिले, की त्यांच्या शेवटच्या दर्शनाला रापणकार आले होते. तो पक्ष त्यांनी निवडायला नको होता असे माझे मत आहे. पण रापणकाराला त्यांच्यावर अविश्वास ठेवायला कारण दिसले नाही, आणि त्या बाबतीत रापणकाराचे मत माझ्या मतापेक्षा जड आहे.

तरीही पत्रकाराच्या बाबतीत मी एक रेघ ओढतो. उमेदवारी घेतली, पक्षाचे पद घेतले, सरकारी महामंडळावर नेमणूक घेतली, तर त्या काळात त्याने बातमी लिहू नये. लेख लिहावा, नावाखाली पद छापून लिहावा. मोर्च्यात चालायला हरकत नाही, पण मंत्र्याच्या गाडीतून उतरून त्याच मंत्र्याची मुलाखत घेऊ नये. गोव्यासारख्या इवल्याशा राज्यात, जिथे मंत्री शाळेतला वर्गमित्र असतो आणि संपादक लग्नात शेजारी जेवायला बसतो, तिथे ही रेघ पाळणे कठीण आहे हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ती कागदावर हवी.

त्यासाठी नवे काही शोधायची गरज नाही. जुन्या वाचकांना आठवत असेल, दरवर्षी मार्चच्या पहिल्या अंकात एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'नमुना चार' छापून यायचा. मालक कोण, मुद्रक कोण, संपादक कोण, एक टक्क्यापेक्षा जास्त भांडवल कुणाचे, हे सगळे त्यात असायचे. ते कुणी वाचत नसे. मी म्हणतो, ती चौकट मोठी करा आणि आतल्या पानावरून पहिल्या पानावर आणा. मालकाचे इतर धंदे कोणते, त्यातल्या कुठल्या धंद्याचे प्रकरण न्यायालयात चालू आहे, वर्षभरात सरकारी जाहिराती किती रुपयांच्या मिळाल्या, संपादक आणि राजकीय वार्ताहर कुठल्या पक्षाचे, संघटनेचे किंवा समितीचे सभासद आहेत, हे सगळे त्यात यावे. संकेतस्थळ चालवणाऱ्या एकट्या पत्रकारानेही ते आपल्या पानावर लावावे. मोलेच्या आंदोलनात होते, असे त्या मुलीने तिथे ठळक लिहावे. तिला लपवण्यासारखे काय आहे?

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. सगळे उघड केले तर लोक कुणावरच विश्वास ठेवणार नाहीत, प्रत्येक बातमीवर 'हा तर अमक्याचा' असे म्हणून ती झटकून टाकतील. ग्रामसभेत नेमके तेच झाले ना, असेही कुणी म्हणेल. माझे उत्तर असे, की तिथे एकीचीच बाजू उघडी होती म्हणून तसे झाले. ओरडणाऱ्याची बाजू झाकलेली होती. डोंगर कापणाऱ्याशी त्याचा काही संबंध आहे का, हे कुणाला ठाऊक नव्हते, आणि विचारण्याची पद्धतही नव्हती. जिथे दोन्ही बाजू ठाऊक असतात तिथे वाचक काय करतो, ते मी कंदिलाच्या उजेडात पाहिले आहे. तो दुसऱ्या बाजूचा अंक उचलतो आणि शेवटपर्यंत वाचतो.

त्या रविवारनंतर मी त्या मुलीला फोन केला. ती निराश नव्हती, वैतागलेली होती. माहिती हक्काखाली तिने नगरनियोजन खात्याकडे अर्ज टाकला आहे आणि तीस दिवसांची मुदत मोजते आहे. पुढच्या ग्रामसभेला ती येणार आहे, आणि या वेळी व्हरांड्यात नाही, सभा चालू असतानाच प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या असे म्हणायला गावातले दोन मुंडकार तयार आहेत. मीही जाईन. पहिल्या पावसात त्या डोंगराखालच्या सात घरांच्या मागच्या भिंतींना ओल आली आहे आणि परवानगी आहे की नाही, हे अजून कुणी सांगितलेले नाही.